केळीच्या चष्म्यातून सफरचंद

पेट पास झाली की सिनॉप्सिसची घाई सुरू होते. वनस्पतिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी करणाऱ्यांच्या वहीत तेव्हा एक विषय हमखास लिहिलेला असतो, ‘अमुक वनस्पतीचं टिश्यू कल्चर’. अमुकच्या जागी कधी सफेद मुसळी येते, कधी डाळिंब, कधी एखादी रानातली औषधी वेल. आता त्या जागी सफरचंद लिहावं असं काहींच्या मनात येतंय, आणि ते साहजिकही आहे. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी निवडलेला एचआरएमएन-९९ हा कमी थंडीत चालणारा वाण देशभर पोचलाय. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रातही हौशी शेतकऱ्यांनी तो लावून पाहिलाय. मग धाराशिवच्या विद्यार्थ्याला वाटतं, रोपं बाहेरून आणण्यापेक्षा आपल्याच प्रयोगशाळेत तयार केली तर? विषय नवा, भागाला उपयोगी, आणि प्रोटोकॉल तर छापलेले आहेतच.

या पोस्टमध्ये मी त्या छापलेल्या प्रोटोकॉलबद्दलच बोलणार आहे. सफरचंदाच्या टिश्यू कल्चरवर पन्नासहून जास्त वर्षं लिहिलं जातंय. त्यातलं काही उत्तम आहे, बरंचसं एकाच साच्यातलं आहे. नवीन वाचकाला दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे तेच मिडियम, तेच हार्मोन आणि तशाच हिरव्यागार बाटल्यांचे फोटो. पण बाटलीत किती कोंब आले एवढंच मोजणारा पेपर वेगळा आणि बाटली वापरून झाडाला काहीतरी विचारणारा पेपर वेगळा. तुमची चार-पाच वर्षं यातल्या कुठल्या प्रकारात जाणार, हे सिनॉप्सिस लिहितानाच ठरतं. नंतर फार काही बदलता येत नाही.

आधी केळीबद्दल

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर म्हटलं की डोळ्यांपुढे केळी येते. जळगावकडच्या ग्रँड नैनच्या बागा आपण सगळ्यांनी पाहिल्यात किंवा ऐकल्यात. केळीत हे तंत्र इतकं चपखल बसलं याला केळीची स्वतःची कारणं आहेत. खाण्याची केळी त्रिगुणित असते, तिला बी धरत नाही, त्यामुळे लागवड कंदाने किंवा मुनव्याने करावी लागते आणि त्याबरोबर रोगही एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. एक खोड एकदाच घड देतं आणि संपतं. म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा लागवडीचं साहित्य लागतं, ते निरोगी लागतं आणि एकाच वयाचं लागतं, म्हणजे सगळी बाग एकदम काढणीला येते. प्रयोगशाळेने हे तिन्ही दिलं. केळीपुरतं ‘भरपूर कोंब, भरपूर रोपं’ हेच खरं उत्तर होतं, कारण प्रश्नच तो होता.

सफरचंदाचं तसं नाही. सफरचंदाचं झाड दोन झाडांचं बनलेलं असतं: खाली खुंट, वर कलम. फळ कुठलं मिळणार हे वरचा वाण ठरवतो, पण झाड केवढं होणार, फळ किती वर्षांत लागणार, मुळाशी रोग टिकेल का, यातलं बरंचसं खालचा खुंट ठरवतो. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने निवडलेला एम-९ हा खुंट आजच्या दाट लागवडीच्या बागांचा पाया आहे, तो याच ठेंगणेपणासाठी. आता टिश्यू कल्चरने तुम्ही एखाद्या वाणाची रोपं केलीत तर ती स्वतःच्या मुळावरची रोपं होतात. खुंटाने दिलेलं सगळं तुम्ही सोडून दिलेलं असतं. त्यामुळे जगात सफरचंदाचं जे टिश्यू कल्चर व्यापारी पातळीवर चालतं ते मुख्यतः खुंटांचं चालतं. ‘सफरचंदाची टिश्यू कल्चर रोपं’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हा: कशाची? खुंटाची की वाणाची?

तुळजापूर किंवा धाराशिव तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याची बागच डॉगरिजच्या खुंटावर उभी असते. केळीपेक्षा द्राक्ष डोक्यात ठेवून सफरचंदाचे पेपर वाचले तर निम्मे गैरसमज आपोआप गळतात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती प्रोटोकॉलच्या पेपरात क्वचितच सापडते. सफरचंदाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही. फुलाच्या परागवाहिनीत असे प्रथिन असतात जे आपल्याच जनुकीय ओळखीचा पराग रोखतात. एका झाडाच्या हजार प्रती म्हणजे परागाच्या दृष्टीने एकच झाड हजार ठिकाणी उभं. म्हणून बागेत दुसरा, त्याच वेळी फुलणारा वाण लावावा लागतो. कमी थंडीच्या वाणांत इस्रायलचा ॲना आणि बहामाजमधला डॉर्सेट गोल्डन ही जोडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ‘एकसारखी रोपं’ ही केळीत जाहिरात आहे, सफरचंदात तो इशारा आहे.

साच्यातला पेपर

आता साचा बघू. शीर्षकात ‘कार्यक्षम’ किंवा ‘जलद’ असा शब्द असतो. एक वाण घेतलेला असतो. मुराशिगे आणि स्कूग यांचं मिडियम, त्यात बीएपी ०.५, १.०, १.५, २.० मिलिग्रॅम प्रति लिटर, कधी सोबत एनएए. एका तक्त्यात प्रत्येक मात्रेला किती कोंब, दुसऱ्यात आयबीएच्या कुठल्या मात्रेला किती टक्के मुळं. सगळ्यात मोठ्या आकड्याला ठळक अक्षर. मग हार्डनिंग, ‘जगण्याचं प्रमाण समाधानकारक’, आणि शेवटी ही पद्धत व्यापारी उत्पादनाला वापरता येईल असं वाक्य.

यात खोटं काही नसतं. अडचण अशी की यातून आपल्याला काय कळलं ते सांगता येत नाही.

मिडियमपासून सुरुवात करा. मुराशिगे आणि स्कूग यांचा १९६२ चा पेपर तंबाखूच्या ऊतींवर होता, आणि तंबाखूच्या कॅलसची वाढ मोजून हार्मोनची परीक्षा घेता यावी हा त्याचा हेतू होता. त्यात अमोनियम नायट्रेट लिटरला १६५० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट १९०० मिलिग्रॅम आहे, ते तंबाखूला मानवलं म्हणून. वृक्षवर्गातल्या झाडांना एवढा नायट्रोजन सोसेलच असं नाही. सफरचंदाचे कोंब बाटलीत काचेसारखे, पाणावलेले होतात आणि बाहेर काढले की माना टाकतात, हा त्रास या पिकात जुना आहे. तरीही साच्यातल्या पेपरात मिडियम बदलून पाहिलेलं नसतं. बदलतात फक्त हार्मोनच्या मात्रा, कारण त्या बदलायला सोप्या.

मग पुनरावृत्ती. एका बाटलीत पाच कोंब लावले आणि अशा दहा बाटल्या ठेवल्या, तर नमुन्याची संख्या दहा की पन्नास? एका बाटलीतले कोंब एकाच हवेत, एकाच मिडियमवर, एकाच बुचाखाली असतात, म्हणून संख्या दहाच. पण आकडेशास्त्राच्या तक्त्यात पुष्कळदा पन्नास धरलेले असतात, आणि मग कुठलाही किरकोळ फरक ‘लक्षणीय’ ठरतो. पेपर हातात आला की पद्धतीच्या भागात फक्त ही एक ओळ शोधा. ती नसेल तर तक्ता वाचायची घाई करू नका.

आणि जनुकीय एकरूपता. हल्ली शेवटी एक जेलचा फोटो असतो: आरएपीडी किंवा आयएसएसआरचे दहा-पंधरा प्राइमर, सगळ्या रोपांत सारख्याच पट्ट्या, म्हणून रोपं मातृवृक्षासारखीच आहेत असं सिद्ध. हिशेब करून बघा. समजा दहा प्राइमर आणि प्रत्येकी सहा पट्ट्या, म्हणजे साठ पट्ट्या. आरएपीडी प्राइमर दहा अक्षरांचा, पट्टीच्या दोन्ही टोकांना मिळून वीस. म्हणजे एखादं अक्षर बदललेलं या पद्धतीला मुख्यतः जिथे दिसेल अशी जागा साधारण १,२०० अक्षरांची. सफरचंदाचा जीनोम सुमारे ६५ कोटी अक्षरांचा आहे. पट्ट्या सारख्या दिसल्या यावरून मोठी उलथापालथ झालेली नाही एवढं फार तर म्हणता येईल. जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या का, हे तर यात दिसतच नाही. ‘सिद्ध’ हा शब्द इथे फार स्वस्तात वापरला जातो.

एक चांगलं जुनं प्रकरण

याच विषयातलं एक संशोधन मात्र मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगेन, आणि ते सलग, चार-पाच पेपर एकापाठोपाठ ठेवून. त्यात यशही आहे आणि यशाला पडत गेलेल्या मर्यादाही आहेत.

सफरचंदाच्या पानांत, सालीत, मुळांत फ्लोरिझिन नावाचा एक फिनॉल भरपूर असतो. (मधुमेहावरच्या ज्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यांची वंशावळ याच फ्लोरिझिनपर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकात ते सफरचंदाच्या सालीतून वेगळं केलं गेलं. हे विषयांतर, पण व्हायव्हात कामाला येईल.) ते तुटलं की शेवटी फ्लोरोग्लुसिनॉल मिळतं. ईस्ट मॉलिंगचे ओ. पी. जोन्स यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा पेपर लिहिला: ही दोन द्रव्यं मिडियममध्ये घातली तर सफरचंदाच्या कोंबांवर काय परिणाम होतो. परिणाम चांगला होता. त्यानंतर तिथलेच जेम्स आणि थर्बन यांनी १९७९ आणि १९८१ मध्ये एम-९ या खुंटाला बाटलीत मुळं फुटण्यावर काम केलं. एम-९ ला सहजासहजी मुळं फुटत नाहीत, त्यामुळे याचं महत्त्व लगेच लक्षात येतं. फ्लोरोग्लुसिनॉलने तिथेही मदत केली.

मला या कामात आवडतं ते असं की कल्पना झाडातून आली. कपाटातल्या हार्मोनच्या बाटल्या एकेक करून पाहिल्या नाहीत. ‘या झाडात हे द्रव्य एवढं का आहे?’ असं विचारलं. फिनॉल ऑक्झिनला ऑक्सिडीकरणापासून वाचवत असावं, असं एक तपासता येण्याजोगं कारणही पुढे मांडलं गेलं. साच्यातल्या पेपरात २.० ऐवजी १.५ चांगलं का, याला कारण नसतं.

आता पुढचं. १९८१ मध्येच अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलचे झिमरमन आणि ब्रूम यांनी खुंटांऐवजी वाणांवर तेच द्रव्य वापरून पाहिलं, आणि वाण बदलला की परिणाम बदलतो असं दिसलं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात श्रीस्कंदराजा, मलिन्स आणि नायर यांनी मुळं फुटायला अवघड अशा वाणांवर काम केलं आणि एक वेगळीच गोष्ट पुढे आणली: कोंब जितक्या वेळा सबकल्चर झालेत, तितकी मुळं फुटायची क्षमता वाढत जाते. जोनाथन लवकर वळणावर येतो, डिलिशसला त्याहून कितीतरी जास्त फेऱ्या लागतात. १९८४ मध्ये झिमरमन यांनी उजेड, तापमान, फ्लोरोग्लुसिनॉल आणि ऑक्झिन यांचा परस्परसंबंध एकत्र तपासला.

हे सगळे शेजारी ठेवून वाचलं की जाणवतं: बाटलीवर न लिहिलेली एक गोष्ट सतत काम करत होती, ती म्हणजे त्या कोंबाचं वय आणि इतिहास. तिसऱ्या सबकल्चरचा कोंब आणि तिसाव्या सबकल्चरचा कोंब दिसायला सारखाच. दोघांना तोच आयबीए दिला तर निकाल वेगळे येणार, आणि श्रेय मात्र आयबीएला जाणार. आजही पुष्कळ पेपरांत किती सबकल्चरनंतरचे कोंब वापरले हे दिलेलं नसतं. माझ्या मते सफरचंदाच्या मुळांवरचा कुठलाही तक्ता या एका आकड्याशिवाय अर्धवट आहे. आणि फ्लोरोग्लुसिनॉल? ते हल्ली काही मिडियममध्ये मसाल्यासारखं पडतं. सोबत जुन्या पेपरचा संदर्भ असतो, पण ते न घातलेली बाटली शेजारी ठेवून तुलना केलेली नसते. एका खुंटावर पारखलेली गोष्ट अशी हळूहळू रूढी होते.

बाटलीतून विचारलेले प्रश्न

टिश्यू कल्चर हे साधन म्हणून कुठे नेऊ शकतं याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं थोडक्यात. सफरचंदाचा जीनोम पहिल्यांदा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, गोल्डन डिलिशस वाणाचा. सफरचंदात आईकडची आणि बापाकडची प्रत इतकी वेगळी असते की तुकडे जोडताना गोंधळ होतो. तेव्हा जनुकांची संख्या ५७,००० च्या वर सांगितली गेली. २०१७ मध्ये त्याच वाणापासून मिळालेल्या, दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असलेल्या एका रोपाचा जीनोम वाचला तेव्हा संख्या ४२,००० च्या आसपास आली. २०१९ मध्ये चीनमध्ये हानफू वाणाच्या परागकोशाच्या कल्चरमधून मिळालेल्या अशाच एका रोपाचा जीनोम आला आणि लाल रंगामागचा जनुकीय बदल त्यात नेमका सापडला. बाटलीतून एकच रोप बाहेर पडलं, पण ते नेमकं हवं तसं होतं. ‘प्रति एक्सप्लांट किती कोंब’ या मापात हे काम नापास झालं असतं.

दुसरं उदाहरण वेळेबद्दल. बियापासून आलेलं सफरचंदाचं झाड फुलायला साधारण चार ते आठ वर्षं घेतं, कधी जास्तही. एखाद्या रानटी जातीतला रोगप्रतिकारक जनुक चांगल्या वाणात आणायचा तर चार-पाच पिढ्या लागतात. म्हणजे एका पैदासकाराचं सगळं आयुष्य. जर्मनीत ड्रेस्डेन-पिलनित्झला फ्लाखोव्स्की, हांके आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये भूर्जाच्या युरोपीय भाऊबंदातला बीपी-मॅड्स-४ हा जनुक पिनोव्हा या वाणात घातला. त्यासाठी पानाच्या तुकड्यापासून अख्खं रोप उभं करता यायला हवं, आणि ते टिश्यू कल्चरशिवाय होत नाही. रोपं वर्षाच्या आत फुलली, काही तर काचेच्या भांड्यातच. २०११ च्या पेपरात त्यांनी याचा वापर करून फायर ब्लाइटसारख्या रोगाच्या प्रतिकाराचे जनुक भराभर पुढच्या पिढीत नेता येतात असं दाखवलं. घातलेला जनुक निम्म्या संततीत उतरतो, निम्म्यात उतरत नाही. शेवटच्या पिढीत न उतरलेली रोपं ठेवायची, म्हणजे परका जनुक मागे राहत नाही. कल्पना म्हणून मला हे फार देखणं वाटतं.

माझी शंका एवढीच की रोगप्रतिकार मार्करने तपासता येतो, पण चव, रंग, साठवणीत टिकणं हे काचघरातल्या घाईच्या झाडावर कळत नाही. तिथे बागेतली वर्षं द्यावीच लागतात. पिढ्यांमधली वाट कमी झाली, शेवटची परीक्षा कमी झाली नाही. या कामाबद्दल बोलताना ‘सफरचंदाची पैदास एका वर्षात’ असं जे सांगितलं जातं, त्यात ही ओळ गाळलेली असते.

‘झाडाला आपलं वय कसं कळतं?’ हा प्रश्न बाटलीत विचारणारं याहून आधीचं काम आपल्याकडे झालंय, पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हस यांचा बांबूवरचा पेपर १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो. यांच्या बाटल्यांमध्ये बांबूच्या कोवळ्या रोपांचे कोंब फुलले आणि बीही धरलं. पेपर दोन पानांचा आहे. पेट देणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, कारण त्यात वापरलेलं साहित्य आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत असतं. बाटली, अगार, सायटोकायनिन. त्यांनी काय मोजायचं ठरवलं तेवढाच फरक.

आता धाराशिव

मूळ कल्पनेकडे येऊ: आपल्याच प्रयोगशाळेत सफरचंदाची रोपं. तयार होतील का? होतील. ग्रोथ रूममध्ये २५ अंश आणि १६ तास उजेड असला की बाटलीला बाहेर श्रीनगर आहे की धाराशिव हे कळत नाही. आणि नेमकं हेच या विषयाचं फसवं ठिकाण आहे. बाटलीत कोंब सतत सायटोकायनिनवर वाढतो, त्याच्या कळीला झोपावंच लागत नाही. बागेतल्या झाडाची कळी हिवाळ्यात झोपते आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय नीट उठत नाही. जुन्या ढोबळ हिशेबात ७.२ अंशांखालचे तास मोजतात. नेहमीच्या वाणांना असे हजाराच्या आसपास तास लागतात, ॲनासारख्यांना दोन-तीनशे किंवा त्याहून कमी. धाराशिवला ७.२ च्या खाली पारा जातो तो मोजक्या रात्री, आणि तोही पहाटेचे काही तास.

इथे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: एचआरएमएन-९९ जिथे तयार झाला ते गाव फक्त १,८०० फुटांवर आहे, धाराशिव तर दोन हजार फुटांच्या वर, मग अडचण काय? अडचण अक्षांशाची. बिलासपूर ३१ अंश उत्तरेला आहे, आपण १८ वर. उंची तेवढीच असली तरी हिवाळा तेवढा नसतो. रोप कलमाचं असो की बाटलीतलं, वाणाची थंडीची गरज त्याच्याबरोबरच येते. टिश्यू कल्चर वाणाची नक्कल करतं, त्याचा स्वभाव बदलत नाही. मग ‘धाराशिवसाठी सफरचंदाचा सूक्ष्मप्रजनन प्रोटोकॉल’ या शीर्षकातला ‘धाराशिवसाठी’ हा शब्द कुठल्या तक्त्यात तपासला जाणार? कुठल्याच नाही. आणि तरी त्या शब्दावर विश्वास ठेवून कुणीतरी एकरभर रोपं लावेल, तीन-चार वर्षं पाणी घालेल. इथे पाणी घालणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

याचा अर्थ इथे सफरचंदावर काम करू नये असा नाही. इंडोनेशियात पूर्व जावातल्या बातू भागात, विषुववृत्तापासून जवळच, सफरचंद पिकतं. तिथे शेतकरी काढणीनंतर हाताने पानं ओरबाडतात, कळी गाढ झोपायच्या आधीच तिला उठवतात, आणि वर्षातून दोन पिकं घेतात. आपला द्राक्षवाला याहून वेगळं काय करतो? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. धाराशिवकडे सफरचंदासाठी थंडी नाही, पण कळी उठवण्याचं हातातलं ज्ञान मात्र भरपूर आहे. ते कुठल्याच सफरचंदाच्या प्रोटोकॉलमध्ये नाही आणि इथल्या विद्यार्थ्याला ते बांधावर उभं राहून विचारता येतं.

सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न घालता येईल: आपल्या हिवाळ्यात कमी थंडीच्या वाणांची कळी किती खोल झोपते, आणि पानगळ किंवा सायनामाइडने ती किती उठते? याची पहिली चाचणी लॅमिनारशिवाय होते. बागेत तापमानाची नोंद ठेवणारं एक साधं यंत्र टांगा. नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वाणाच्या काड्या कापून आणा, एकेका डोळ्याचे तुकडे करा, पाण्यात उभे करून २५ अंशांच्या खोलीत ठेवा आणि किती दिवसांत किती डोळे फुटतात ते लिहा. ॲना, डॉर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९, तिन्ही सोबत हवेत. झाडं किमान तीन वेगवेगळ्या बागांतली घ्या, आणि नमुन्याची संख्या मोजताना झाड धरा, डोळा धरू नका. वर सांगितलेला बाटलीचा नियम इथेही लागू आहे. दुसऱ्या हिवाळ्यात निम्म्या झाडांची पानं ऑक्टोबरअखेर हाताने काढून हेच पुन्हा करायचं. टिश्यू कल्चरची गरज पडलीच तर ती तिसऱ्या वर्षी पडेल, फुटणाऱ्या आणि न फुटणाऱ्या कळ्या बाटलीत नेऊन त्यांना अडवणारी गोष्ट कळीच्या आत आहे की भोवतालच्या खवल्यांत, हे बघायला.